पेटीतली चिठ्ठी

मोटार बंद पडली की माणसं आधी मोटारीला शिव्या देतात, मग विजेला, आणि दोघींनी दाद दिली नाही की वाइंडिंग करणाऱ्याला. कुणाच्या तरी माथी मारल्याशिवाय माणसाच्या जिवाला चैन पडत नाही. वाइंडरबाईच्या डोक्यावर असं खापर आयुष्यात एकदाच फुटलं होतं, सतरा वर्षांपूर्वी, पण ते फोडणाऱ्याचा चेहरा ती एक दिवसही विसरली नव्हती. लोक म्हणतात, राग माणसाला खातो. हिला काही रागाने खाल्लं नाही. हिने तो पुरवून पुरवून वापरला आणि त्याच्यावर छान जगली.

वय अठ्ठावन्न, अंगाने काडी, चष्म्याला दोरी. एकोणिसाव्या वर्षी ती लाकडी सामानाच्या कारखान्यात, मोटारींच्या खोलीत कामाला लागली आणि तिथल्या उस्तादाकडून तांब्याची तार गुंडाळायला शिकली. तिला बघायला आलेल्या एका घरच्या आत्याबाईंनी विणकाम येतं का म्हणून विचारलं, तर ती म्हणाली, तारेचं येतं. ते लोक परत फिरकले नाहीत, आणि तिनेही त्याचं सुतक धरलं नाही. वडील लवकर गेले होते, आई होती आणि तिच्याहून नऊ वर्षांनी धाकटा भाऊ होता. धाकट्याला तिनेच शिकवलं, तिनेच कारखान्यात चिकटवलं.

उस्तादाची एक रीत होती. दुरुस्त केलेल्या प्रत्येक मोटारीच्या अंगावर वायर जोडायची जी छोटी पेटी असते, तिचं झाकण लावण्याआधी आत एक चिठ्ठी टाकायची. चिठ्ठीवर दोनच ओळी, काय सापडलं आणि कशामुळे झालं. खाली तारीख. पुढचा माणूस पेटी उघडेल तेव्हा त्याला मागचं सगळं कळावं. उस्ताद म्हणायचा, पहिली ओळ कुणीही लिहील, दुसरी लिहायला छाती लागते. बाईने त्यात आपली एक भर घातली होती. झाकणाचा स्क्रू आवळला की ती त्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका द्यायची, निम्मा स्क्रूवर, निम्मा झाकणावर. स्क्रू केसभर फिरला तरी ठिपका तुटतो. नेलपॉलिशची बाटली तिने जन्मात या एकाच कामासाठी विकत घेतली, नखाला कधी लावली नाही.

आता खापराची गोष्ट. धाकटा कारखान्यात बँडसॉवर होता. बँडसॉ म्हणजे वर एक चाक, खाली एक चाक आणि दोघांवरून गरगरणारा करवतीचा अखंड पट्टा. एके दिवशी त्याची मोटार नुसती घूं घूं आवाज करत घुमायला लागली, फिरेना. बाईने ती उघडली. अशा मोटारीच्या पोटात मागच्या बाजूला एक स्विच असतो. मोटार उभी असताना तो चिकटलेला असतो, तिला पहिला धक्का देतो आणि तिने वेग घेतला की आपोआप सुटतो. त्या स्विचच्या पॉइंटमध्ये लाकडाचा भुसा जाऊन बसला होता, कारण मोटारीचं मागचं झाकण कुणीतरी काढून कुठेतरी टाकलं होतं. बाईने भुसा काढला, चिठ्ठी लिहिली, पेटीत टाकली, ठिपके दिले, आणि सुपरवायझरसाहेबांना सांगितलं की झाकण बसवल्याशिवाय मशीन चालवू नका. साहेब म्हणाले, झाकण मागवलंय, तोवर चालू द्या.

तीन आठवड्यांनी मोटार पुन्हा घुमायला लागली. झाकण आलं नव्हतं. साहेबांना माल पाठवायची घाई होती. धाकट्याने वीज चालू ठेवून मोटारीवरून करवतीचं चाक फिरवणारा बेल्ट हाताने ढकलला, मोटारीने एकदम उचल खाल्ली आणि त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं बेल्ट आणि पुलीच्या मध्ये गेली. ढकल म्हणून साहेबांनीच सांगितलं होतं, हे शेजारच्या मशीनवरच्या दोघांनी ऐकलं होतं. पण चौकशीच्या दिवशी त्या दोघांच्या कानात अचानक बोळे बसले.

चौकशीत साहेबांनी सांगितलं, मोटारीचं वाइंडिंग कच्चं होतं. बाई म्हणाली, पेटी उघडा, आत माझी चिठ्ठी आहे. साहेब शांतपणे म्हणाले, मी स्वतः उघडून पाहिली, आत कसलीही चिठ्ठी नाही. मग तिच्यापुढे धाकट्याचा दवाखान्यातला जबाब ठेवला. वाइंडिंग खराब होतं, मला कुणी ढकलायला सांगितलं नाही, आणि खाली सही. ती सही पाहून बाईला हसूच आलं. धाकट्याची सही गोल, मोत्यासारखी, तिनेच गिरवून घेतलेली. आणि ही म्हणजे कोंबडीने शाईतून चालत जावं तशी. सही खोटी आहे, असं ती ओरडून ओरडून म्हणाली, आणि ओरडणाऱ्या बाईचं जे होतं तेच झालं. मशीनपाशी तिला पुन्हा जाऊ दिलं नाही आणि त्याच आठवड्यात फाटकाबाहेर काढलं.

धाकटा बरा होऊन आला तेव्हा त्याला कारखान्यातच स्टोअरमध्ये बसून करायचं काम मिळालं. त्यानंतर तो बहिणीच्या घरी आला नाही. तिने निरोप धाडले, ती स्वतः दोनदा गेली, तर भावजयीने दारातच सांगितलं की ते झोपलेत. आई गेली त्या दिवशी दोघं एका खोलीत चार तास बसून होते. धाकटा उजवा हात खिशात घालून भिंतीकडे बघत राहिला आणि एक शब्द बोलला नाही. बाईने त्याचा अर्थ लावला तो सरळच होता. साहेबाने त्याला पढवलं होतं. बहिणीच्या कच्च्या कामाने आपली बोटं खाल्ली, असं तो धरून बसला होता. मग बाईनेही एक धरून ठेवलं. कधीतरी या साहेबाला धाकट्याच्या दारात उभं करायचं आणि त्याच्याच तोंडाने वदवायचं की दोष मोटारीचा नव्हता आणि तुझ्या बहिणीचाही नव्हता. त्याआधी मरायचं नाही, एवढं तिने स्वतःला बजावलं होतं.

आणि सतरा वर्षांनी इलेक्ट्रिकच्या दुकानदाराने तिच्या हातात एक पत्ता ठेवला. घरातला बँडसॉ आहे, मोटार घुमते पण फिरत नाही. माणूस निवृत्त सुपरवायझर. कारखाना बंद पडला तेव्हा मशीन वायरींसकट उचलून घरी आणलं म्हणे, आता हौसेने सुतारकाम करतो. बाईने कागद दोनदा वाचला आणि घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवला. दुकानदाराने विचारलं, या आठवड्यात जमेल का. ती म्हणाली, आत्ताच जमेल.

वाटेत तिने त्या मोटारीचे सात प्रकारे हाल केले, अर्थात मनात. दोन वायरी उलट्या जोडल्या की मोटार उलटी फिरते, करवतीचे दात वर धावतात आणि फळी साहेबाच्या हनुवटीवर येते. चुकीचा कंडेन्सर घातला की महिनाभर सगळं गोड चालतं आणि एक दिवस खोलीभर धूर होतो. बेअरिंगमध्ये चिमूटभर वाळू. तारेवरच्या व्हार्निशवर सुईचा एक ओरखडा. एवढी वर्षं मोटारी जगवणाऱ्याला त्या मारायच्या कशा हे वेगळं शिकावं लागत नाही. पण कोपऱ्यावर वळताना तिच्या मनात आलं की यात मरणार ती मोटार, आणि त्या बिचारीने कुणाचं काय खाल्लंय. सातही बेत तिने तिथेच सोडले. साहेबाला मात्र सोडलं नाही.

दार साहेबांच्या बायकोने उघडलं. जाड, हसऱ्या तोंडाच्या, चार पायांच्या काठीवर भार टाकून चालणाऱ्या वहिनी. दोन्ही गुडघे गेलेले. मागच्या दाराला दोन पायऱ्या होत्या, त्या उतरताना त्यांना धापच लागली. हे उतरायला सोपं व्हावं म्हणून साहेब लाकडाचा उतार आणि धरायला कठडा करत होते आणि नेमका अर्ध्यात बँडसॉ बसला, असं त्यांनी सांगितलं. अंगणात कठड्याचे निम्मे कापलेले तुकडे पडले होते. बाईला क्षणभर वहिनींची दया आली, पण तिने ती बाजूला ठेवली. दया करायला पुढे खूप दिवस होते.

शेडमध्ये साहेब उभे होते. केस गेलेले, पोट आलेलं, आवाज तोच. त्यांनी तिला ओळखलं नाही. माणूस ज्याच्यावर अन्याय करतो त्याचा चेहरा विसरतो, ही सोय देवाने त्याला दिलेली आहे. त्यांनी तिच्याकडे पाहून विचारलं, "बाई, तुम्हीच करणार? की कुणी माणूस येणार आहे मागून?"

"मीच," ती म्हणाली, "माणसं कामाला पुरी पडत नाहीत हो साहेब."

तिचं लक्ष त्यांच्याकडे नव्हतंच. तिने मशीन ओळखलं होतं. तोच हिरवा रंग, तोच खालच्या चाकाच्या दारावरचा पोचा, आणि त्याच्या मागे तीच मोटार. ती गुडघ्यावर बसली, पेटीवरची भुशाची पुटं फुंकली आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. चार स्क्रू. चार ठिपके. लाल रंग आता विटकरी झाला होता, कडेला तडकला होता, पण एकही मधून तुटला नव्हता.

सतरा वर्षं ती समजत होती की साहेबाने चिठ्ठी काढली, वाचली आणि फाडली. त्या फाडणाऱ्या हातावर तिने आपला सगळा राग पोसला होता. आणि या माणसाने पेटी उघडलीच नव्हती. चार स्क्रू फिरवायचेही कष्ट घेतले नव्हते. तिथे उभ्या उभ्या, पाचजणांसमोर, न पाहिलेली गोष्ट पाहिली म्हणून सांगितली होती, आणि तेवढ्यावर तिची नोकरी गेली, भाऊ गेला. फाडली असती तर निदान वाचली तरी असती. तिने पिशवीतून पाना काढला.

वहिनी दाराशी खुर्चीवर टेकल्या होत्या. बायका दुरुस्तीला आलेल्या त्यांनी कधी पाहिल्या नव्हत्या आणि त्यांना फार कौतुक वाटत होतं. बोलता बोलता त्या म्हणाल्या की यांच्या कारखान्यातही एक बाई होती म्हणे वाइंडिंगला, पण अगदी निष्काळजी. तिच्यामुळे एका पोराची बोटं गेली. आमचे हे नेहमी सांगतात ती गोष्ट, पाहुणे आले की सांगतात. साहेब घाईघाईने म्हणाले, जुन्या गोष्टी कशाला. बाई म्हणाली, "सांगू द्या हो वहिनींना. मोटारीचं काम म्हणजे मागचं सगळं माहीत हवं."

मग तिने काम सुरू केलं, आणि ते असं सुरू केलं की साहेबांना घाम फुटावा. उस्तादाचा क्रम ठरलेला होता: आधी बाहेरचं, मग आतलं. सगळं साहेबांच्याच हातून करून घेत, प्रत्येक पायरीला एक प्रश्न विचारत ती पुढे गेली. लांब वायरीतून वीज कमी येते का? साहेबांनी वायर काढून मशीन थेट भिंतीच्या प्लगला लावलं. मोटार तशीच घुमली. वीज निर्दोष, बाई म्हणाली. करवतीचा पट्टा अडकतोय का? साहेबांनी वीज काढून बेल्ट उतरवला आणि मोटार एकटी चालू केली. तशीच घुमली. करवत निर्दोष. मग मोटारीच्या पाठीवरच्या वेगळ्या डब्यातला कंडेन्सर, मोटारीला सुरुवातीचा जोर देणारा. वीज बंद केली तरी कंडेन्सर आपल्यातला झटका धरून बसतो, बाईला त्याची ही गोष्ट फार आवडायची. तिने स्क्रूड्रायव्हर आडवा लावला, चटकन ठिणगी उडाली, साहेब दचकून मागे सरकले. मीटर लावून ती म्हणाली, "कंडेन्सर पण निर्दोष. आता सांगा, मोटार अशी घुमते तेव्हा तुम्ही काय करता?"

बंद करतो, साहेब म्हणाले. लगेच बंद करतो.

बाईने भिंतीकडे बोट केलं. खिळ्याला एक काठी अडकवलेली होती, हातभर लांब, टोकाला बेल्टच्या रबराने काळी झालेली. ती कशाला आहे, असं तिने विचारलं. वहिनीच म्हणाल्या की अहो, त्या काठीने हे बेल्ट ढकलतात, की मग सुरू होतं मशीन, गेले सहा महिने असंच चाललंय.

"हाताने नाही ना ढकलत?" बाईने साहेबांना विचारलं.

"हाताने कसा ढकलणार? बोटं जातील."

"म्हणजे अक्कल आली," ती म्हणाली, "पण स्वतःच्या बोटांपुरती."

साहेब तिच्याकडे नीट पाहायला लागले. तिने त्यांना ओळखायला वेळ दिला नाही. मोटारीचं मागचं झाकण कुठंय, तिने विचारलं. मोटार तापते म्हणून काढून ठेवलंय, ते पुटपुटले. झाकण तिथेच फळीवर होतं, त्यात त्यांनी खिळे ठेवले होते. बाईने मोटारीच्या मागून टॉर्च मारला. स्विचच्या पॉइंटवर भुसा असा दाटून बसला होता की पितळ दिसतच नव्हतं. तोच भुसा, तीच जागा, तेच कारण. सतरा वर्षांत हा माणूस एक अक्षर शिकला नव्हता.

"त्या वेळी ही पुन्हा चालू कशी झाली होती?" तिने विचारलं. "अपघातानंतर. वाइंडिंग कच्चं होतं ना? मग नवीन कुणी केलं?"

साहेबांचा चेहरा उतरला. मग ते म्हणाले की कुणी केलं नाही. मागून हवा मारली, भुसा उडाला आणि झाली चालू.

"आणि सतरा वर्षं चालली. कच्च्या वाइंडिंगवर."

वहिनी आता खुर्चीत ताठ बसल्या होत्या. बाईने पिशवीतून नेलपॉलिशची बाटली काढली आणि मोटारीच्या पेटीवर ठेवली. ती बाटली पाहिल्यावर साहेबांना ओळख पटली. तिने शेवटचा प्रश्न विचारला. ही पेटी तुम्ही कधी उघडली होती का? बायको समोर बसलेली. आयुष्यभर पाहुण्यांना सांगितलेली गोष्ट. साहेब म्हणाले, "हो. एकदा. मीच उघडली होती."

खोटं बोलायची सवय ही अशी असते, पाय खड्ड्यात असला तरी तोंड थांबत नाही. बाईने वहिनींना जवळ बोलावलं, टॉर्च त्यांच्या हातात दिला आणि चारही ठिपके दाखवले, ते कसे असतात आणि केव्हा तुटतात हे समजावून सांगितलं. मग तिने स्क्रूड्रायव्हर साहेबांच्या हातात दिला. पहिला ठिपका कट्‌ करून तुटला. चौथा तुटेपर्यंत साहेबांचा शर्ट पाठीला चिकटला होता. झाकण निघालं. वायरींच्या मागे, पिवळी पडलेली, चार घड्यांची चिठ्ठी होती.

साहेब ती तिच्याकडे द्यायला लागले. वहिनी म्हणाल्या, "तुम्ही वाचा."

त्यांनी वाचली. काय सापडलं, आतल्या स्विचमध्ये भुसा. कशामुळे, मागचं झाकण नाही, साहेबांना सांगितलं आहे, झाकणाशिवाय चालवू नये. आणि तारीख. अपघाताच्या तीन आठवडे आधीची. वाचून झाल्यावर ते म्हणाले की मी उघडली नव्हती. माल अडकला होता, मालक ओरडत होते, वाटलं, असेल तरी काय त्यात. बाईला वाटलं होतं की हे ऐकल्यावर तिला रडू येईल किंवा हा माणूस एकदम लहान दिसेल. तसलं काही झालं नाही. तो तेवढाच होता. तिला अजून हवं होतं.

ती म्हणाली की धाकटा अजून त्याच जुन्या घरात राहतो, इथून वीस मिनिटांवर. चिठ्ठी घ्या आणि चला. तिथे वाचा. नाहीतर मोटार अशीच उघडी राहील आणि वहिनींच्या पायऱ्या तशाच. साहेब वहिनींकडे पाहायला लागले. वहिनी म्हणाल्या, "मी चपला घालू का तुमच्या पायात?" त्यावर साहेब निघाले.

वाटेत बाई पुढे, साहेब मागे. हे चालणं ती सतरा वर्षं मनात चालत आली होती, त्यामुळे तिला प्रत्येक पायरी पाठ होती. धाकटा दार उघडेल, साहेब वाचतील, धाकट्याच्या चेहऱ्यावरचा दगड हलेल, तो ताई म्हणेल. एवढंच. त्याच्या तोंडून ताई ऐकून सतरा वर्षं झाली होती.

जिना चढून गेल्यावर दार धाकट्यानेच उघडलं. केस पांढरे झालेले. साहेबांना आणि बहिणीला एकत्र पाहून त्याचा उजवा हात सवयीने खिशात गेला. त्याने आत या म्हटलं नाही आणि दारही लावलं नाही. साहेबांनी उंबऱ्याबाहेर उभं राहून चिठ्ठी वाचली, मग मान खाली घालून म्हणाले की दोष तुझ्या बहिणीचा नव्हता. पेटी मी उघडलीच नव्हती. ढकलायला मीच सांगितलं होतं.

बाई भावाच्या चेहऱ्याकडे पाहत होती. त्यावर आश्चर्य नव्हतं. राग नव्हता. शाळेत कॉपी करताना पकडलेल्या पोराच्या तोंडावर असतं तसलं काहीतरी होतं.

"मला माहीत होतं, ताई," धाकटा म्हणाला.

तिला कळलं नाही. काय माहीत होतं, असं तिने विचारलं. तो खाली बघत सांगायला लागला. झाकण नाही हे मशीनवर उभ्या असलेल्या माणसाला दिसत नाही का? भुसा जातो हे तूच मला सांगितलं होतंस. साहेब ढकल म्हणाले तेव्हा मीच हात घातला. मग दवाखान्यात साहेब कागद घेऊन आले. दोन बोटं गेलेला माणूस मशीनवर काय कामाचा, म्हणाले, पण सही केलीस तर स्टोअरमध्ये बसवतो. मुलगी सहा महिन्यांची होती.

"ती सही खोटी होती," बाई म्हणाली. "मी पाहिली होती. तुझी सही तशी नव्हतीच."

"उजव्या हाताला बँडेज होतं, ताई. डाव्या हाताने केली."

साहेब दुसरीकडे बघत होते. बाईने जिन्याचा कठडा धरला. सतरा वर्षं तिने एका सहीवरून एका माणसाला मनात जाळलं होतं आणि ती सही तिनेच गिरवायला शिकवलेल्या पोराची होती. तो तिच्यावर रागावला नव्हताच कधी. तो तोंड चुकवत होता. आई समोर पडलेली असताना, चार तास, तो भिंतीकडे बघत होता तो याच्यासाठी. साप साप म्हणून ती भुई धोपटत राहिली होती, आणि साप नुसता भुईत नव्हता, घरातही होता. तिने ऐकायला जन्म घालवला ते ताई तिला दोनदा ऐकू आलं होतं आणि एकदाही गोड लागलं नव्हतं.

धाकटा म्हणाला, आत ये ना. भावजय त्याच्या मागे येऊन उभी होती, डोळ्याला पदर लावून. बाई उंबऱ्यापाशी जागची हलली नाही. तिने साहेबांच्या हातातून चिठ्ठी घेतली, पाठीवर उलटी केली, खिशातलं पेन काढलं आणि भिंतीला लावून एक ओळ लिहिली. मग चिठ्ठी आणि पेन धाकट्यापुढे धरलं.

"सही कर," ती म्हणाली. "या वेळी उजव्या हाताने."

त्याने हात खिशातून काढला. दोन बोटं आणि अंगठा यांच्यात पेन धरायला त्याला वेळ लागला, आणि गोल सही करायला त्याहून जास्त. बाईने मदत केली नाही. नंतर तिने तीच चिठ्ठी साहेबांपुढे धरली आणि त्यांनीही मुकाट्याने केली. धाकट्याने विचारलं, ताई, मी येऊ का घरी, उद्या. ती म्हणाली की माझं काम अर्धं राहिलंय, आणि जिना उतरायला लागली.

संध्याकाळ व्हायच्या आत शेडमध्ये परत येऊन तिने स्विचचे पॉइंट घासून लखलखीत केले, भुसा ब्रशने झाडला, फळीवरचं झाकण त्यातले खिळे ओतून मागे बसवलं. बेल्ट चढवला. बटण दाबताच मोटार काठीशिवाय, हाताशिवाय, एका दमात सुरू झाली, आणि तिचा आवाज ऐकून बाईला त्या दिवसातलं पहिलं सुख झालं. साहेब कोपऱ्यात उभे होते. कठड्याचे तुकडे उद्या पुरे करायचे आहेत, असं वहिनींनी त्यांना सांगितलं, आणि पुढच्या वेळी पाहुणे आले की ती वाइंडरबाईची गोष्ट मी सांगेन, असंही सांगितलं.

बाईने चिठ्ठीची घडी घातली. एका बाजूला तिच्या जुन्या दोन ओळी होत्या. दुसऱ्या बाजूला एकच होती: दोघांना माहीत होतं. त्याखाली दोन सह्या. तिने ती पेटीत वायरींच्या मागे सारली, झाकण लावलं, चारही स्क्रू आवळले आणि नेलपॉलिशची बाटली हलवून चार ठिपके दिले. वहिनींनी विचारलं, आता किती वर्षं चालेल हो ही?

"झाकण काढलं नाही तर आपल्या सगळ्यांच्या मागेही चालेल," ती ठिपक्यांवर फुंकर घालत म्हणाली. "आणि कधीतरी कुणीतरी पेटी उघडेलच."